छपराला भोक नाही, तरी पाणी ठिबकतं

डिसेंबरातल्या एका पहाटे मामेभावाचा फोन आला, "अरे, कंटेनर गळतोय." बाहेर आभाळ निरभ्र, पावसाचा पत्ता नाही. कुपवाडजवळच्या घराच्या परड्यात त्यानं जहाजावर माल नेणारा वीस फुटी जुना कंटेनर आणून खोली म्हणून बसवला होता. पाहुणे आले की त्यांना, एरवी मुलांच्या अभ्यासाला. हा त्या खोलीचा पहिलाच हिवाळा.

मी पोचलो तेव्हा छताच्या प्लायच्या सांध्यातून थेंब पडत होते. दोघांनी मिळून एक फळी उतरवली. तिच्यामागं थर्माकोल, थर्माकोलमागं पत्रा, आणि पत्रा घाम फुटल्यासारखा चिंब. थर्माकोलच्या कडेनं काळी बुरशी धरलेली. छपरावर चढून टॉर्चनं पाहिलं, भोक कुठंच नव्हतं. ते पाणी आत झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातलं होतं.

हवा जितकी उबदार, तितकी जास्त वाफ ती धरून ठेवते. 25 अंशांची हवा घनमीटरला जास्तीत जास्त सुमारे 23 ग्रॅम वाफ पेलते, 15 अंशांची जेमतेम 13. वीस फुटी कंटेनरात हवा असते 33 घनमीटर, म्हणजे उबदार असतानाही तिच्यात पाऊण लिटरच्या आसपासच पाणी मावतं. दारं-खिडक्या बंद करून दोन माणसं रात्रभर झोपली, तर श्वास आणि घाम मिळून अर्धा लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. बाहेर निरभ्र रात्री पत्रा आभाळाकडं उष्णता फेकत राहतो आणि आसपासच्या हवेपेक्षाही गार होतो. आतली वाफ प्लायच्या फटीतून आणि थर्माकोलच्या सांध्यातून त्या गार पत्र्यापर्यंत पोचते आणि तिथं तिचं दव होतं. गवतावर पडतं तेच हे दव, फक्त घराच्या आत पडलेलं.

यात पत्र्याचंही नुकसान आहे. कंटेनर ज्या पोलादाचे असतात त्यात तांबं, क्रोमियम यांचा थोडा अंश असतो. त्यामुळं वर बसणारा गंजाचा थर घट्ट होतो आणि खालच्या धातूला झाकून धरतो. मात्र हा थर बसायला पत्रा भिजून पुन्हा सुकावा लागतो. थर्माकोलमागं कायम ओल राहिली की ते संरक्षण मिळत नाही, गंज आत जात राहतो. समुद्रावर वर्षानुवर्षं टिकलेली पेटी परड्यात सडते ती अशी.

उन्हाळ्यात गणित उलटं. आवरण घालायच्या आधी एप्रिलच्या दुपारी मी त्या लाल भिंतीला हात टेकवला होता, पाच मोजेपर्यंतही ठेवता आला नाही. भर दुपारी चौरस मीटरला 900 ते 1000 वॅट ऊन पडतं. कंटेनरचं छप्पर सुमारे 15 चौरस मीटर, म्हणजे तेरा-चौदा इस्त्र्या एकदम चालू ठेवाव्यात तेवढी उष्णता त्यावर येते. भिंत जेमतेम दोन मिलिमीटरची. आपल्याकडं जत, आटपाडी, माणकडच्या माळवदाच्या घरांत हात-दोन हात जाडीची माती असते, दुपारचं ऊन तिच्यातून आत पोचेपर्यंत रात्र होते. पत्र्याकडं ती सवड नाही.

उपाय आपल्या सांगली जिल्ह्यात पूर्वीपासून आहे. तासगावकडं बेदाणा ठेवायची कोल्ड स्टोरेजं पाहिलीत का? त्यांच्या भिंतींत पफ असतो, म्हणजे बारीक बुडबुड्यांनी भरलेला कडक फोम. पोलाद उष्णता जितकी वाहून नेतं, त्याच्या सुमारे दोन हजारांश पफ नेतो. म्हणजे 50 मिलिमीटर पफ उष्णतेला जेवढा अडवतो, तेवढा अडथळा निव्वळ पोलादाचा उभारायचा तर भिंत 100 मीटर जाड लागेल! हा आकडा मी दोनदा करून पाहिला.

मामेभावाच्या खोलीतलं थर्माकोल आम्ही सगळं काढलं, पत्रा घासून कोरडा केला आणि त्यावर थेट फोम फवारून घेतला. फोम पत्र्याला चिकटतो, मधे हवेला जागा उरत नाही, मग वाफ गार पत्र्यापर्यंत जाणार कुठून? फोम पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो, म्हणून वरून जिप्सम बोर्ड हवाच. खोलीला समोरासमोर झरोके पाडले आणि छपरावर फूटभर अंतर सोडून दुसरा पत्रा टाकला. आता ऊन वरचा पत्रा झेलतो आणि मधल्या फटीतून वारा ती उष्णता घेऊन जातो. माझ्या मते पैसे कमी असतील तर आधी हे दुसरं छप्पर करावं, एसीचं नंतर बघता येईल.

भिंत कापताना मात्र जपा. कंटेनरचं बळ चार कोपऱ्यांच्या खांबांत असतं. या कंटेनरच्या दारावरच्या पाटीवर वर रचण्याचं वजन 1,92,000 किलो लिहिलं आहे, पण ते कोपऱ्यांवर. भिंतीच्या वळ्या चौकट ताठ धरतात, म्हणून खिडकीसाठी पत्रा कापला की कडेनं लोखंडी चौकट वेल्ड करावीच लागते. हजार लिटरची टाकी छपराच्या मधोमध ठेवू नका, तिथला पत्रा टनभर वजनासाठी नसतो. तळाच्या मूळ फळ्यांना बहुतेक वेळा कीटकनाशक पाजलेलं असतं, त्या बदला किंवा पूर्ण झाका. सगळं घरच लोखंडाचं, त्यामुळं अर्थिंग आणि वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच याला पर्याय नाही.

कृष्णाकाठच्या सांगलीवाडीच्या एका मित्रानं हे सगळं पाहिलं आणि त्यालाही तसंच हवं झालं. त्याला मी आधी एक भागाकार करून दाखवला. रिकामा कंटेनर सुमारे 2,300 किलो, तळ 14.8 चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेपंधरा सेंटीमीटर पाणी त्याचं वजन तोलतं. दारं घट्ट असतील तर फळ्यांच्या वर वीतभरही पाणी चढायच्या आत तो तरंगू लागतो. आतलं सामान धरून चार टन झाला, तरी मीटरभर पाण्यात त्याला वर ढकलणारा जोर जवळजवळ 15 टनांचा. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45. अशा पाण्यात नुसता ठोकळ्यांवर ठेवलेला कंटेनर शेजाऱ्याच्या भिंतीवर जाऊन आदळेल. शिवाय तिथली काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, म्हणून खांबांचा पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो आणि कोपरे त्यात बोल्टनं जखडावे लागतात.

त्याच्या परड्याच्या भिंतीवर त्या पुराची रेघ अजून दिसते. परवा आम्ही टेप लावला, जमिनीपासून चार फूट आठ इंच. आता तो सहा फुटी खांबांचा नकाशा काढून घेतोय, आणि जिना कुठून घ्यायचा यावर घरात चर्चा चालू आहे. आईचे गुडघे दुखतात.