आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा कसा काढायचा?

जातीच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: जुना पुरावा आहे का? अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीची नोंद लागते. आजोबा दुसरीपर्यंत जरी शिकले असतील, तरी त्यांची नोंद जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याच्या वहीत, सापडू शकते. त्या नोंदीची नक्कल म्हणजेच निर्गम उतारा. विदर्भात याच वहीला दाखलखारीज म्हणतात.

अर्ज ज्याचा दाखला त्याने करावा, किंवा मुला-नातवंडांनी. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज पुरतो. सोबत आधार कार्ड, वंशावळ, नातं दाखवणारा कागद (वडिलांचा शाळेचा दाखला चालतो) आणि आजोबा हयात नसतील तर मृत्यू दाखला जोडा. अर्जात आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि शाळेत घातल्याचं अंदाजे साल लिहाच. नुसतं ‘जुनी नोंद मिळावी’ लिहिलं तर गुरुजींनी कुठली पानं उलटायची? जुन्या वह्यांत पुष्कळदा आडनावच नसतं, फक्त ‘रामा बाळा’ एवढंच. जन्मतारीख 1 जून दिसली तर फार विश्वास ठेवू नका. तारीख माहीत नसलेल्या कित्येक पोरांना गुरुजींनी तीच लावून टाकली आहे. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. मराठवाड्यात उर्दू नोंदीही निघतात.

मागताना नुसता दाखला मागू नका. रजिस्टरच्या त्या पानाची साक्षांकित प्रत आणि उतारा, दोन्ही मागा. जात पडताळणी समिती मूळ वहीशी ताडून पाहते, तेव्हा शाई बदललेली, खाडाखोड केलेली नोंद अंगाशी येते. म्हणून जातीच्या रकान्यात काही ‘दुरुस्त’ करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

शाळा बंद पडली असेल तर दप्तर बहुधा जवळच्या किंवा केंद्र शाळेत गेलेलं असतं. केंद्रप्रमुखांना विचारा, तिथे पत्ता लागला नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. वहीवर लोकल बोर्डाचं नाव दिसलं तर गोंधळू नका, जिल्हा परिषदा 1 मे 1962 ला आल्या, त्याआधी लोकल बोर्डं होती.

‘रजिस्टर सापडत नाही’ हे उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. तेही मिळेना तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाका. विषय एकच ठेवा, मजकूर 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर 20 रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील.