इंबर आणि टाइनम: एकाच डिसेंबरात उठलेली दोन गावं

इंग्लंडमधल्या 'लष्करानं उठवलेल्या गावा'चा विषय निघाला की फोटो इंबरचा असतो आणि माहिती टाइनमची, किंवा उलट. घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही गावं डिसेंबर १९४३ मध्ये रिकामी झाली, दोन्ही युद्धाच्या सरावासाठी, आणि दोन्हीकडचे गावकरी परत नांदायला आलेच नाहीत.

इंबर विल्टशरमध्ये, सॅलिसबरी प्लेनच्या माळावर. टाइनम डॉर्सेटमध्ये, समुद्राजवळ. पण खरा फरक सातबारा कोणाच्या नावावर होता, यात आहे.

इंबरच्या आसपासची जमीन युद्धखातं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विकत घेत होतं. १९४३ पर्यंत जवळपास सगळं गाव त्यांचंच झालेलं, गावकरी नुसते भाडेकरू. १ नोव्हेंबरला सगळ्यांना शाळेत बोलावून ४७ दिवसांत घरं सोडायला सांगितलं. परत येऊ देण्याचं तोंडी आश्वासन मिळाल्याचं ते पुढे ठासून सांगत राहिले, पण हातात कागद नव्हता. १९६१ मध्ये दोन हजारांवर लोक निषेध करत गावात शिरले. चौकशी झाली, कौल लष्कराला मिळाला.

टाइनम मात्र बाँड घराण्याचं. शेजारीच लुलवर्थचं रणगाड्यांच्या गोळीबार-सरावाचं मैदान. इथला लष्कराचा ताबा युद्धापुरताच होता, म्हणून तर जाताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली गेली: घरं जपा, आम्ही एक दिवस परत येऊ. १९४८ मध्ये सरकारनं गाव सक्तीनं विकत घेतलं. माझ्या मते फसवणूक म्हणावी ती इथली.

आज टाइनम बहुतेक शनिवार-रविवारी खुलं असतं. छपरं गेलेली दगडी घरं, नीट जपलेली शाळा. इंबरला वर्षातून मोजकेच दिवस जाता येतं. तिथलं सेंट जाइल्स चर्च तेराव्या शतकातलं. मनोऱ्यात, आतल्या भिंतीवर, घंटा कोणत्या क्रमानं वाजवायच्या ते सतराव्या शतकात रंगवलेलं आहे. फोटोत दिसणारी बिनखिडक्यांची बरीचशी घरं मात्र गावकऱ्यांची नव्हेत. उत्तर आयर्लंडमधल्या कारवाईच्या सरावासाठी ती लष्करानंच १९७० च्या दशकात उभारली. इंबरला जायचंच असेल तर उन्हाळ्यात एक दिवस वॉर्मिन्स्टरहून जुन्या लाल डबलडेकर बस सुटतात, त्या गाठाव्यात.