कनेक्शन रिफ्यूज्ड आलं? मग अर्धं काम झालं

माझ्या आतेभावाचं इचलकरंजीत हार्डवेअरचं दुकान आहे. म्हणजे नळ, पाइप, रंगवालं हार्डवेअर, कॉम्प्युटरचं नाही. पुढं काउंटरवर एक पीसी, मागं गोडाऊनमध्ये दुसरा. बिलांचा आणि स्टॉकचा सगळा डेटा काउंटरच्या पीसीवर मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये, त्या पीसीवर उबुंटू (फुकटचं लिनक्स) टाकलेलं कारण लायसन्सचे पैसे वाचवायचे होते, आणि गोडाऊनमध्ये साधं विंडोज. गोडाऊनमधून स्टॉक दिसावा एवढीच इच्छा, पण कनेक्शन काही केल्या लागेना. फोन आला, "दादा, वायफाय चालू आहे, पिंग जातंय, पासवर्ड दहा वेळा बघितला, आता काय करू?" (पिंग म्हणजे समोरचं मशीन जागं आहे का ते विचारणारी कमांड.)

मी विचारलं, एरर लगेच येतो का बराच वेळ गोल गोल फिरून मग येतो?

"त्यानं काय फरक पडतो?"

अरे, सगळा फरक त्यानंच पडतो.

होतं काय, की डेटाबेसशी बोलायच्या आधी तुमचा कॉम्प्युटर समोरच्याला एक छोटं पॅकेट पाठवतो, "३३०६ नंबरच्या पोर्टवर कोणी आहे का?" (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर दिलेलं दार. मायएसक्यूएलचा ठरलेला पोर्ट ३३०६, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा ५४३२, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा १४३३.) कोणी असेल तर "हो, बोला" असं उत्तर येतं. कोणीच नसेल तर समोरचं मशीन स्वतः सांगतं की इथं कोणी नाही, हे झालं रिफ्यूज्ड, आणि ते एकदोन सेकंदात कळतं. तिसरा प्रकार म्हणजे उत्तरच नाही. मधे फायरवॉल, म्हणजे नको ती कनेक्शन अडवणारा पहारेकरी, बसलाय आणि तो पॅकेट गुपचूप गिळतोय, किंवा त्या ॲड्रेसवर मशीनच नाही, मग आपला पीसी परत परत विचारत बसतो आणि शेवटी टाइमआउट. मायएसक्यूएल दोन्हीला २००३ हाच नंबर देतं, त्यामुळे लोक गोंधळतात, पण त्याच ओळीत कंसात अजून एक आकडा असतो आणि खरी बातमी तिथं असते: विंडोजवर १००६१ म्हणजे नकार, १००६० म्हणजे शांतता.

आतेभावाला १००६१ येत होता. मी म्हटलं पेढे वाट. नकार आला म्हणजे केबल, राउटर, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बहुतेक सगळं ठीक, आपण योग्य दारापर्यंत पोचलोय, फक्त आत कोणी ऐकत नाहीये.

(एक खोच आहे. सर्व्हर विंडोजवर असेल आणि त्याचा फायरवॉल चालू असेल तर बंद पोर्टलाही तो नकार देत नाही, गप्प बसतो, मुद्दामच तसं केलंय. तिथं शांततेचे दोन अर्थ निघतात.)

पिंगचं पण सांगतो, कारण "पिंग जातंय" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. पिंग १९८३ मध्ये माइक मूस यांनी अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत लिहिलं, नाव पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून. त्यात पोर्ट ही भानगडच नसते. मशीन जिवंत आहे एवढंच कळतं, डेटाबेसबद्दल शून्य माहिती. आणि उलटंही, कित्येक विंडोज मशीन पिंगला उत्तर देत नाहीत तरी डेटाबेस मस्त चालू असतो. त्यापेक्षा विंडोजच्या पॉवरशेलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड पोर्ट नंबर देऊन चालवा.

मग ऐकत का नव्हतं? उबुंटूवर मायएसक्यूएल टाकलं की सेटिंग फाइलमध्ये बाइंड-ॲड्रेस, म्हणजे कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते, १२७.०.०.१ असतो. १२७ ने सुरू होणारे जवळपास १ कोटी ६८ लाख ॲड्रेस फक्त "मी स्वतः" या अर्थानं राखून ठेवलेत, तिकडं जाणारं पॅकेट मशीनच्या बाहेर पडतच नाही. म्हणून काउंटरवर बसून सगळं चालतं आणि माणूस म्हणतो इथं तर चालतंय की! त्यात लिनक्सवर नुसतं लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) लिहिलं तर मायएसक्यूएल नेटवर्क वापरतच नाही, एका सॉकेट फाइलमधून बोलतं, म्हणजे ती टेस्ट तर अजूनच बिनकामाची.

बाइंड-ॲड्रेसच्या जागी काउंटरच्या पीसीचा लॅनवरचा (दुकानातल्या नेटवर्कवरचा) आयपी टाकला, सर्व्हिस रिस्टार्ट केली, आणि आला नवीन एरर, ११३०. भाऊ वैतागला, मी खूश. आता डेटाबेस स्वतः बोलतोय, म्हणतोय या मशीनवरून कोणाला परवानगी नाही. मायएसक्यूएलमध्ये युजर म्हणजे नुसतं नाव नसतं, नाव आणि कुठून येतोय ते, अशी जोडी असते. लोकलहोस्टवरचा युजर आणि गोडाऊनवरचा त्याच नावाचा युजर ही दोन वेगळी माणसं. १९२.१६८.१.% असा, म्हणजे दुकानाच्या नेटवर्कमधल्या कुठल्याही मशीनवरून येणारा, युजर बनवला, लागणारे टेबल तेवढेच दिले आणि स्टॉक दिसायला लागला.

इंटरनेटवर बरेच जण सरळ सांगतात की नुसतं % (म्हणजे जगात कुठूनही) टाका, फायरवॉल बंद करा, झालं. करू नका. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाचा ३७६ बाइटचा वर्म (स्वतःहून पसरणारा प्रोग्राम) एसक्यूएल सर्व्हरच्या १४३३ सोबतच्या १४३४ या दुसऱ्या पोर्टमधून घुसला, सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होता आणि दहा मिनिटांत सापडण्यासारखी बहुतेक मशीन, निदान ७५ हजार, त्यानं गाठली. दुरुस्ती सहा महिने आधीच आली होती, लोकांनी टाकली नव्हती. दार मुळात बंद ठेवून देतात ते उगीच नाही.

चार दिवसांनी परत फोन. या वेळी १००६०. रात्री लाइट गेली, राउटर रिस्टार्ट झाला आणि त्यानं काउंटरला वेगळाच आयपी दिला, म्हणजे गोडाऊनचा पीसी रिकाम्या घराचं दार वाजवत होता, आणि इकडं मायएसक्यूएल पण जुन्या आयपीवर अडून सुरूच झालेलं नव्हतं. राउटरमध्ये तो जुना आयपी त्या पीसीसाठी राखून ठेवला, दोन्ही रिस्टार्ट, मिटलं.

आता तो प्रस्तावना करत नाही. परवा फोन उचलला तर नुसतं म्हणाला, "दादा, १०४५." मी म्हटलं, पासवर्ड. कॅप्स लॉक चालू होतं.