६४ केबीपीएसमध्ये मावेल असा धडा

ठाणे-नवी मुंबईतल्या तुर्भे, दिघा, कळव्याच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या. इथल्या पुष्कळ घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो सकाळी ७ वाजता वडिलांच्या खिशातून कामावर जातो. शाळेने १० वाजता ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ मुलीच्या हाती पडतो रात्री ८ नंतर. तोवर दिवसाचा दीड जीबी डेटा संपलेला असतो. पडद्यावर चकती फिरत राहते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न येतो, ‘गृहपाठ का नाही केला?’

बहुतेक रोजच्या पॅकमध्ये कोटा संपला म्हणून नेट बंद पडत नाही, त्याचा वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटांवर येतो. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ८ केबी (किलोबाइट). साध्या दर्जाचा, १ एमबीपीएसचा १० मिनिटांचा व्हिडिओ भरतो ७५ एमबी. या वेगाने तो उतरायला अडीच तासांहून जास्त लागतात. तोच पाठ नुसत्या आवाजात, ३२ केबीपीएसला, २.४ एमबीचा होतो आणि ५ मिनिटांत उतरतो. प्रत्यक्षात वेग आणखी कमी मिळतो, तेव्हा दुप्पट वेळ धरा. तरीही जेवण होईतो पाठ हातात असतो. मजकुराचं तर विचारूच नका. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. दीड हजार चिन्हांचं पान साडेचार केबीचं, एका सेकंदात पोचतं.

म्हणून धडा थरांनी पाठवावा. आधी टाइप केलेला मजकूर, मग आवाज, मग एखादी आकृती, आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी, तोही ‘पाहिलाच पाहिजे’ असं न म्हणता. मजकुराचा फोटो काढून पाठवू नये. साडेचार केबीचे शेदोनशे केबी होतात, वर फोन तो फोटो आपणहून मोठ्याने वाचून दाखवत नाही. आवाज मुद्रित करताना पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, आणि एका मेसेजमध्ये फार तर ३ मिनिटं. बारा मिनिटांचा एकच मेसेज मध्येच अडकला तर सगळाच पाठ अडकतो. तुकडे असले तर निदान आलेले तुकडे ऐकता येतात. पालकांच्या फोनवर व्हॉट्सअॅपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन व्हिडिओचं आपोआप डाउनलोड बंद करून द्यावं. पॅकचा बराच भाग कित्येकदा नको असलेल्या फॉरवर्डमध्येच गेलेला असतो. आणि कोटा रात्री १२ला नवा होतो, सकाळी ६ ते ७ फोन घरातच असतो. व्हिडिओ उतरवायचाच असेल तर तो तेव्हा.

पत्र्याच्या घरात फोन दाराशी किंवा खिडकीत ठेवून पाठ उतरवावा; पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो, आत सिग्नल क्षीण होतो.

फोनचं बोलणं खूप होतं, वर्गाच्या खोलीचं कुणी काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तास चालू असताना वर्गातला बाहेरचा गोंगाट ३५ डेसिबलच्या आत हवा आणि आवाजाची घुमी, म्हणजे बोलणं थांबल्यावर खोलीत घुमणारा आवाज विरायला लागणारा वेळ, ०.६ सेकंदाच्या आसपास. लहान मुलांना नीट कळायला शिक्षकांचा आवाज गोंगाटाच्या वर १५ डेसिबल लागतो. मोठी माणसं हुकलेला शब्द संदर्भाने भरून काढतात. मुलाला, आणि त्यातही घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला, ते जमत नाही. बोलणाऱ्याचा आवाज १ मीटरवर ६५ डेसिबल असेल तर अंतर दुप्पट झालं की तो थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. ८ मीटरवर उरतात ४७. ठाणे-बेलापूर रस्त्याकडच्या उघड्या खिडक्यांच्या वर्गात मागच्या बाकाचा हिशोब इथेच संपतो.

घुमीचं गणित भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी हार्वर्डमध्ये १८९५ ते १८९८च्या दरम्यान मांडलं, तेही खुर्च्यांवरच्या गाद्या एका सभागृहात आणून-नेऊन. घुमीचे सेकंद म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले आवाज गिळणारं क्षेत्र. हे क्षेत्र त्यांनी ‘उघड्या खिडकी’च्या मापात मोजलं, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे ती तो पुरता गिळते. ६ बाय ८ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली घ्या: १४४ घनमीटर. गिलाव्याच्या भिंती आणि लादी मिळून गिळतात जेमतेम ५ चौरस मीटर, ४० मुलं आणखी १५. घुमी येते १.१६ सेकंदाच्या जवळ. ‘क’ आणि ‘ग’, ‘त’ आणि ‘द’ यांतला फरक या घुमीत बुडतो, आणि शिक्षकांनी आवाज चढवला तर घुमीही तेवढीच चढते.

जाड गोधडी मागच्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगली तर एका चौरस मीटरला साधारण अर्धी ‘उघडी खिडकी’ मिळते. भिंतीला चिकटवली तर फायदा घटतो. वायरिंगपासून ती लांब हवी. पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा काढून ठेवावी. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नयेत, ते आवाज फारसा गिळत नाहीत आणि पेट मात्र चटकन घेतात. रस्त्याकडची खिडकी बंद, व्हरांड्याकडची उघडी. आणि ज्या मुलाला कमी कळतं असं वाटतं त्याला आधी पुढच्या बाकावर बसवून आठवडाभर बघावं.

ऐकू आलं तरी पाठ शब्दात अडकतो. कलबुर्गीकडून आलेल्या बांधकाम मजुराची कानडी बोलणारी मुलगी ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिते. कानडीत २५ म्हणजे ‘इप्पत्तैदु’, आधी वीस, मग पाच. लिहिताना जो क्रम तोच बोलताना. मराठीत पाच आधी आणि वीस नंतर ऐकू येतात. तिने ऐकलं तसं लिहिलं. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणारं मूलही ‘तीस’ ऐकून तसं लिहितं. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी जोड आणली तेव्हा मोठा वाद झाला. जुनी संख्यानामं टाकायची काहीच गरज नाही. पण सुरुवातीचे काही आठवडे ‘पंचवीस, वीस आणि पाच’ असं दोन्ही म्हणावं, सोबत दहाच्या दोन नोटा आणि रुपयाची पाच नाणी बाकावर मांडावीत. बालभारतीची पुस्तकं कानडी आणि तेलुगूतही निघतात. त्या पुस्तकातलं तेच पान शेजारी ठेवलं की मुलगी स्वतःच जोडून घेते.

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे ही मुळात आगरी-कोळ्यांची गावं. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो: डोला, पानी. श्रुतलेखनात ‘पानी’वर लाल फुली मारली की मुलाला कळतं ते एवढंच, की घरी बोलतात ते चूक. ‘घरी पानी, पुस्तकात पाणी’ असे दोन रकाने करावेत. मग वेल-वेळ, मन-मण अशा जोड्या घ्याव्यात: ‘ल’ला जिभेचं टोक वरच्या दातांमागे, ‘ळ’ला तेच टोक मागे वळून टाळूला. आधी कानाने फरक ओळखू दे, मग जिभेने, लिहिणं त्यानंतर. हा क्रम उलटला की मूल पाठ करतं आणि विसरतं.

अन् ‘समजलं का?’ हा प्रश्न सोडून द्यावा. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायला शिकलेलं मूल त्यावर ‘हो’च म्हणणार. ‘तुझ्या शब्दांत सांग’ म्हणावं आणि थांबावं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकी वर्गांत मोजलं तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. ते ३ सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. मनात शब्द घरच्या भाषेतून मराठीत आणणाऱ्या मुलाला ५ सेकंद द्यावेत.

पालकसभेचंही तसंच. सकाळी ११ची सभा म्हणजे नाक्यावरच्या माणसाचा दिवसाचा रोज बुडाला. ती रविवारी संध्याकाळी ठेवावी, आणि निरोप चिठ्ठीऐवजी ४० सेकंदांच्या आवाजात, घरी बोलतात त्या भाषेत पाठवावा. तो ३२ केबीपीएसला १६० केबीचा होतो. पॅक संपलेल्या फोनवरही २० सेकंदांत उतरतो.