पीएम विश्वकर्मा योजना: अर्ज घरातल्या कोणाच्या नावावर करायचा?

कुंभाराच्या घरी चाकावर एक जण बसतो, पण माती चाळण्यापासून आवा रचण्यापर्यंत सगळं घर राबत असतं. सुगीला मिळणारं बलुतंही त्या घराचंच असायचं. १७ सप्टेंबर २०२३ला, विश्वकर्मा जयंतीच्या मुहूर्तावर केंद्र सरकारनं सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेनं हाच धागा धरलाय. घराण्यात किंवा गुरु-शिष्य परंपरेनं चालत आलेली कारागिरी टिकवणं, हा तिचा जाहीर उद्देश आहे. नोंदणी मात्र एका कुटुंबातून एकाचीच होते. म्हणून कागद गोळा करण्याआधी घरात बसून नाव ठरवा.

इथं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. लग्न झालेल्या मुलाचं कुटुंब वेगळं धरलं जातं, पण शिधापत्रिका अजून एकत्र असेल तर हा प्रश्न नोंदणी केंद्रावर आधीच विचारून घ्या. आपल्याकडे सवयीनं घरच्या कर्त्याचं नाव पुढं केलं जातं. माझं मत वेगळं आहे. प्रशिक्षणाला बसायचंय, कर्ज फेडायचंय, तेव्हा जो पुढची दहा-पंधरा वर्षं हे काम करणार आहे त्याचं किंवा तिचं नाव द्या.

अर्जदाराचं वय नोंदणीच्या दिवशी किमान १८ हवं आणि तो हातानं, हत्यारांनी स्वतःचा धंदा करणारा हवा. यादीत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी, गवंडी, मूर्तिकार हे आपल्या गावगाड्यातले. त्यांच्यासोबत होड्या बांधणारे, मासेमारीची जाळी विणणारे, टोपल्या-झाडू करणारे, हार गुंफणारे, खेळणी, कुलपं, शस्त्रं आणि हातोडा-छिन्नीसारखी अवजारं बनवणारेही आहेत. बलुतं जन्मानं ठरायचं. इथं तुम्ही आज काय करता ते विचारतात. लागणाऱ्या कागदांत जातीचा दाखला नाही.

सरकारी नोकरदार आणि त्यांच्या कुटुंबातल्यांना अर्ज करता येत नाही. गेल्या ५ वर्षांत पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम), मुद्रा (छोट्या धंद्यांसाठीचं कर्ज) किंवा पीएम स्वनिधी (फेरीवाल्यांसाठीचं कर्ज) यांसारख्या सरकारी योजनेतून कर्ज घेतलं असेल तरीही नाही; मात्र मुद्रा आणि स्वनिधीचं कर्ज पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं. आमच्या शेजारच्या कुंभारकाकांचं मुद्रा कर्ज चालू होतं, म्हणून काकूंच्या नावानं अर्ज केला. काकू वीस वर्षं पणत्या, माठ घडवतायत, तेव्हा त्यात खोटं काहीच नव्हतं.

कागद थोडेच आहेत: आधार, मोबाइल नंबर, बँक पासबुक आणि शिधापत्रिका. शिधापत्रिका नसेल तर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं. नोंदणी सीएससी केंद्रावर, म्हणजे सरकारी कामं ऑनलाइन करून देणाऱ्या सेवा केंद्रावर, मोफत होते. जाण्याआधी नोंदणी चालू आहे का, एवढं फोनवर विचारा.

खरी अडचण येते ती अंगठ्याची. आधारची बायोमेट्रिक पडताळणी लागते आणि मातीत, राखेत, सोड्यात काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. काकूंचा अंगठा चार वेळा लागला नाही. आधी आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागले, मग आठवड्यानं काम झालं. तेव्हा हे काम पहिलं उरका.

पुढे पडताळणी तीन पायऱ्यांत होते: ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, मग जिल्हा समिती, शेवटी छाननी समिती. सरपंचांच्या लॉगिनला अर्ज अडकून पडू शकतो, म्हणून ग्रामपंचायतीत चौकशी करत राहा.

मंजुरीनंतर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं, भत्ता दिवसाला ५०० रुपये. त्याच्या सुरुवातीला कौशल्य तपासतात आणि त्यानंतर हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. ते रोख पैसे नव्हेत. कोणी 'पंधरा हजार खात्यात टाकून देतो' म्हणत पैसे मागितले, तर सरळ उठून या.

कर्ज घेतलंच पाहिजे असं नाही. घेतलंत तर पहिला टप्पा १ लाखापर्यंत, फेड १८ महिन्यांत. दुसरा २ लाखांपर्यंत, फेड ३० महिन्यांत. तारण लागत नाही. कारागिराला व्याज ५ टक्के, वरचे ८ टक्क्यांपर्यंत सरकार भरतं. दुसरा टप्पा हवा असेल तर पहिल्याचे हप्ते थकवू नका, आणि गिऱ्हाइकांकडून डिजिटल पैसे घ्यायला लागा किंवा प्रगत प्रशिक्षण पूर्ण करा. डिजिटल व्यवहारामागं १ रुपया मिळतो, महिन्याला १०० व्यवहारांपर्यंत. दुकानातला क्यूआर कोड मात्र ज्याच्या नावावर नोंदणी, त्याच्याच खात्याचा लावा.