"फक्त नंबर पाठवा" म्हणणाऱ्या ग्राहकांसाठी: आमचं रेसपत्रक कसं वाचायचं

घोड्यांच्या शर्यतींत आमची पसंती कुठल्या घोड्याला आणि का, हे सांगणारं पत्रक आम्ही वर्गणीवर देतो. रेसच्या दिवशी सकाळपासून फोन सुरू होतात आणि त्यातले बहुतेक एकाच मागणीचे असतात. "एवढं सगळं वाचायला वेळ कुणाला आहे? व्हॉट्सॲपवर फक्त नंबर टाका." दुपारी दोन-तीन शर्यती झाल्या की त्यांतलेच काही पुन्हा आम्हाला गाठतात. "तुम्ही 3 नंबर दिला होता. 3 तर कुठे दिसलाच नाही." मग पत्रक समोर ठेवून बघितलं की उलगडा होतो. आम्ही दिलेला घोडा वेगळा होता आणि खिडकीवर तिकीट भलत्याच घोड्याचं निघालं होतं. पैसे तर गेलेच, शिवाय पुढच्या शर्यतीचे घोडे पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी ते फिरवून दाखवतात त्या जागी) फिरत असताना तुम्ही आणि आम्ही मागच्या शर्यतीचा हिशेब लावत बसलो.

हे सहज टाळता येतं. महालक्ष्मी आणि पुणे इथल्या रेसना नियमित येणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे लिहिलं आहे, त्यामुळे विन, प्लेस, टोट म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही.

नंबर म्हणजे कुठला नंबर?

रेस कार्डावरची कुठलीही एक ओळ घ्या. आधी 5, मग घोड्याचं नाव, मग कंसात 9, मग जॉकीचं नाव, शेवटी 54.5. यातला पहिला 5 हा घोड्याचा कार्ड नंबर. खोगिराखालच्या कापडावर हाच असतो, टोटच्या (क्लबच्या पैजयंत्रणेच्या) बोर्डावर हाच दिसतो आणि खिडकीवर हाच सांगायचा. कंसातला 9 हा ड्रॉ, म्हणजे स्टार्टिंग गेटमध्ये तो घोडा कितव्या खणातून सुटणार ते. शेवटचं 54.5 हे पाठीवरचं वजन, किलोमध्ये.

कार्ड नंबर आणि ड्रॉ यांत गल्लत होते, कारण दोन्ही आकडे नावाला अगदी चिकटून असतात. त्यात तिसरा आकडा येऊन मिळतो तो पसंतीचा. वर्तमानपत्रात शर्यतीखाली 1, 2, 3 असे आकडे घालून तीन नावं छापतात. तिथला 1 म्हणजे लिहिणाऱ्याची पहिली पसंती; 1 नंबरचा घोडा नव्हे. घाईत वाचणारा नेमका तोच 1 उचलतो आणि खिडकीवर सांगतो. हँडिकॅप शर्यतीत (चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन बरोबरी साधतात तिथे) 1 नंबर सहसा सर्वांत जास्त वजन असलेल्या घोड्याचा असतो, म्हणजे न ठरवता त्याने शर्यतीतला सर्वांत जड बोजा असलेला घोडा लावलेला असतो.

म्हणून आम्ही पसंतीला आकडा देतच नाही. "पहिली पसंती", "दुसरी पसंती" आणि "धोका" (पसंतीला हरवू शकेल असा घोडा) असं अक्षरांत लिहितो. घोड्याचं नाव ठळक, त्याच्या डावीकडे कार्ड नंबर, आणि ड्रॉ खालच्या ओळीत वेगळा. पत्रकाची जागा यात जास्त जाते हे खरं, पण ही मांडणी आम्ही बदलणार नाही.

"3, 7, 1" असा नुसत्या आकड्यांचा मेसेज आमच्याकडून कधीच जात नाही. असे मेसेज फिरत असतात आणि त्यावर कुणी आमचं नाव घातलं असेल, तरी ते आमचे नाहीत. आकड्यांची नुसती माळ हातात आली की एक जण ती शर्यतीच्या क्रमाने वाचतो, दुसरा एकाच शर्यतीचे पहिले तीन म्हणून वाचतो आणि टनाला (पहिले तीन क्रमाने ओळखायची पैज) लावून मोकळा होतो.

आणखी एक जागा सांभाळायची आहे. एखाद्या शर्यतीत प्रवेश फार झाले की तिचे दोन डिव्हिजन होतात. क्लास तोच, अंतर तेच, बहुधा शर्यतीचं नावही तेच. घोडे मात्र दोन निरनिराळ्या शर्यतींत वाटलेले. मग एका डिव्हिजनचा 4 नंबर दुसऱ्या डिव्हिजनच्या खिडकीवर सांगितला जातो. शिवाय एक शर्यत वाढली की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात. डिक्लेरेशनच्या (पळणारे घोडे नक्की जाहीर होण्याच्या) आधीच्या यादीवर खुणा करून ठेवणाऱ्यांनी त्या खुणा अंतिम कार्डावर नव्याने कराव्यात. जॅकपॉट (अनेक शर्यतींचे विजेते एकदम ओळखायची पैज) खेळणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तिथे एक लेग, म्हणजे त्यातली एक शर्यत, चुकला की बाकीचे बरोबर असून उपयोग नाही.

खिडकीवर जाताना शर्यतीचा क्रमांक आधी पक्का करा, मग कार्डावर घोड्याचं नाव शोधा, त्या नावापुढचा नंबर सांगा, आणि तिकीट हातात आलं की तिथून हलण्याआधी त्यावरची शर्यत आणि नंबर वाचा. रांग मागे असली तरी वाचा.

घोडा काढला तर?

नुसता नंबर न देता कारणं का लिहितो याचं दुसरं उत्तर इथे आहे. आमचं पत्रक डिक्लेरेशननंतर तयार होतं, शर्यत मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी असते. मधल्या वेळात घोडा लंगडू शकतो, त्याला ताप येऊ शकतो, पशुवैद्य त्याला काढायला सांगू शकतात. जॉकी बदलतो. पुण्यात पावसाळ्यात सीझन असतो, एक जोरदार सर आली तरी ट्रॅक वेगळा होतो.

ज्याच्याकडे नुसता नंबर आहे त्याचं अशा वेळी काम थांबतं आणि तो आम्हाला फोन करतो. सगळेच एकदम करतात. ज्याने चार ओळी वाचल्या आहेत त्याला फोनची गरज पडत नाही. समजा आम्ही लिहिलं आहे, "या शर्यतीत पुढे पळणारे दोनच घोडे आहेत, पहिली पसंती त्यांतली एक." आता त्यांतला दुसरा काढला गेला, तर आमच्या पसंतीला एकट्यालाच पुढे मोकळीक मिळाली आणि तिची बाजू आणखी भक्कम झाली. याउलट आमची पसंती मागून येणारी असेल आणि पुढे पळणारा निघून गेला, तर शर्यतीचा वेग मंदावेल आणि मागून येणाऱ्याला गाठणं अवघड जाईल. एकच घोडा कमी झाला, पण परिणाम दोन टोकांचे. हे आकड्यात सांगता येत नाही.

आम्ही घोडा निवडतो तो कशावरून

हँडिकॅप शर्यतीत रेटिंगचा (घोड्याच्या कुवतीला दिलेल्या आकड्याचा) एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो वजन. क्लास फोर 20 ते 46 रेटिंगचा आणि क्लास थ्री 40 ते 66 चा धरला, तर 44 रेटिंगचा घोडा दोन्हीकडे बसतो. खालच्या क्लासमध्ये तो डोक्यावर, जड वजन घेऊन कमकुवत घोड्यांशी पळतो. वरच्या क्लासमध्ये तळाशी, हलक्या वजनाने सरस घोड्यांशी. नुसत्या मागच्या निकालावर बघणाऱ्याला त्याची "मागच्या वेळी सातवा" एवढीच नोंद दिसते. तो सातवा कुठल्या क्लासमध्ये, किती वजनाने आणि किती लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) मागे आला हे आम्ही बघतो. वरच्या क्लासमध्ये चार लेंग्थने हरलेला सातवा घोडा खाली उतरला की बहुतेकदा आमच्या पहिल्या तीन नावांत असतो, आणि त्याला भावही (जिंकल्यावर मिळणारा मोबदला) चांगला मिळतो.

ट्रॅकवर्क वाचण्यात लोक सर्वांत जास्त फसतात. सकाळच्या सरावाच्या वेळा छापून येतात आणि ग्राहक सेकंद मोजतात. 600 मीटर 39 सेकंदांत, म्हणजे 40 सेकंदवाल्यापेक्षा सरस, असा सरळ हिशेब. पण वेळेच्या पुढचा शब्द वाचल्याशिवाय त्या सेकंदांना अर्थ नाही. 40 सेकंदांच्या पुढे "ईझी" असेल आणि 39 च्या पुढे "अर्ज्ड", तर पहिला लगाम ओढलेला असतानाच तेवढा पळाला आणि दुसऱ्याला त्यासाठी जॉकीने हलवून हलवून पळवलं. आम्ही पहिला घेऊ. पाठीवर रेसचा जॉकी होता की रायडिंग बॉय (सरावापुरता स्वार), वाळूचा ट्रॅक आतला होता की बाहेरचा, बरोबर पळालेला जोडीदार कोण आणि शेवटी कोण किती पुढे होता, हे सगळं त्याच ओळीत असतं. जोडीदार चांगल्या क्लासचा असेल आणि आपला घोडा त्याच्या खांद्याला खांदा लावून आला असेल, तर घड्याळ काय म्हणतं याची आम्ही फार फिकीर करत नाही. पदार्पण करणाऱ्या घोड्यांसाठी तर हाच मुख्य आधार. त्यांची मॉक रेस (सरावाची शर्यत) झाली असेल तर तीही जमेला धरतो.

ड्रॉ लांबच्या शर्यतीत फारसा आडवा येत नाही. 1000-1200 मीटरला, घोडे जास्त असतील तर, बाहेरच्या खणातला घोडा वळणावर जास्त जमीन तुडवतो किंवा आत शिरण्यासाठी सुरुवातीलाच दम खर्च करतो. फॉल्स रेल (ट्रॅकच्या आतल्या बाजूचा तात्पुरता कठडा) कुठून कुठपर्यंत लावली आहे हेही त्यासाठी आम्ही पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात छापतो. त्याच्याच शेजारी पेनेट्रोमीटरचं रीडिंग असतं. आकडा जितका मोठा तितका ट्रॅक मऊ. ओल्या ट्रॅकवर यापूर्वी पळालेल्या घोड्यांपुढे आम्ही तशी खूण करतो. पुण्याच्या सीझनमध्ये ही खूण बघितल्याशिवाय तिकीट काढू नये.

फेब्रुवारीत महालक्ष्मीला इंडियन डर्बी असते तेव्हा आमचं पत्रक नेहमीपेक्षा मोठं निघतं. डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची, 2400 मीटरची. 1943 साली पहिली झाली, ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या मादीने जिंकली होती. हँडिकॅपचा हिशेब इथे चालत नाही, कारण वजन रेटिंगवर ठरत नाही आणि चांगल्या घोड्याला त्याच्या चांगलेपणाचा दंड बसत नाही. प्रश्न दोनच उरतात. एक, डिसेंबरात 1600 मीटरची गिनीज जिंकलेला घोडा आणखी 800 मीटर टिकेल का? तिथे आम्ही बाप आणि आईकडचं रक्त बघतो, आणि मागच्या शर्यतीत शेवटच्या 200 मीटरमध्ये तो वाढत होता की थकत होता हे बघतो. दुसरा प्रश्न, बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता इथून आलेल्या घोड्यांचा फॉर्म मुंबईच्या घोड्यांशी ताडायचा कसा? जे दोन घोडे आधी कुठेतरी एकमेकांशी पळाले आहेत, त्यांना धरून आम्ही बाकीच्यांची उतरंड लावतो. डर्बीच्या आठवड्यात "एका शब्दात सांगा" असा फोन करू नये ही विनंती.

"पक्का घोडा" आणि "लावू नका"

पक्का घोडा आम्ही देत नाही, कारण तसा घोडा नसतो. "डेज बेस्ट" देतो; त्याचा अर्थ त्या दिवशी आमची कारणं ज्याच्या बाजूने सर्वांत भक्कम आहेत तो. तो हरू शकतो आणि हरतोही.

काही शर्यतींखाली "बघा, लावू नका" असं लिहिलेलं असतं. त्यावर ग्राहक नाराज होतात की वर्गणी भरून हे काय वाचायचं. शर्यतीच्या पैजेवर पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. एवढा कर सोसून अगदी कमी भावाचा फेवरेट (ज्याच्यावर सगळे पैसे लावतात तो घोडा) लावला, तर तो जिंकूनही हाती फार काही उरत नाही. मेडन शर्यतीत (अजून एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्यांच्या) निम्मे घोडे पहिल्यांदाच पळत असतील आणि कुणाचंच काम नजरेत भरत नसेल, तर तिथे नाव देणं म्हणजे तुमच्या पैशाने आमचा अंदाज तपासणं होईल. ते आम्हाला मंजूर नाही. दिवसाच्या सगळ्या शर्यती खेळायच्या नसतात, आणि आमचे जुने ग्राहक टिकून आहेत ते या एका ओळीमुळे.

1996 साली सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात घोड्यांच्या शर्यती हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. आमचं सगळं काम त्या कौशल्याचं आहे आणि म्हणूनच ते कारणांसकट छापतो, तुम्हाला पटलं नाही तर सोडून देता यावं म्हणून. आम्ही पैजा घेत नाही, कुणाच्या वतीने लावत नाही, कुठल्याही बुकीकडे पाठवत नाही. पैज क्लबच्या आवारात, अधिकृत ठिकाणीच लावावी. अठरा वर्षांखालच्यांना पत्रक देत नाही. घरखर्चाच्या पैशातून खेळणाऱ्या ग्राहकाला आम्ही वर्गणी परत घेऊन जायला सांगतो.

पत्रक कधी मिळतं

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पहिलं पत्रक निघतं, छापील किंवा फोनवर, तुम्ही निवडाल तसं. रेसच्या दिवशी दुपारी, पहिली शर्यत सुटण्याआधी, एक पानी बदलपत्रक येतं: काढलेले घोडे, बदललेले जॉकी, ट्रॅकचं रीडिंग, आणि या बदलांमुळे आमची पसंती हलली असेल तर नवी पसंती, कारणासह. सीझनची वर्गणी भरणाऱ्यांना बदलपत्रकाचे वेगळे पैसे पडत नाहीत. एका दिवसाचं पत्रक घेणाऱ्यांना ते हवं असेल तर घेतानाच सांगावं, आयत्या वेळी यादीत नाव घालता येत नाही.

प्रश्न विचारायचा असेल तर बदलपत्रक वाचून झाल्यावर विचारा, आणि शर्यतीचा क्रमांक व घोड्याचं नाव घेऊन विचारा. नुसता नंबर सांगितलात तर आम्ही आधी नावच विचारणार. पहिली शर्यत सुटण्याच्या अर्धा तास आधी फोन बंद होतो, कारण तेव्हा आम्ही पॅडॉकच्या कठड्यापाशी घोडे बघत उभे असतो. तिथे भेटलात तर कार्ड उघडून जरूर बोलू.