ढोलपथक आणि गाण्याच्या भेंड्या

भाच्याचा लॅपटॉप 2014 सालचा. त्यांच्या गिरगावातल्या मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीचं शूटिंग यंदा दोन नव्या फोनवर झालं, दोन्हीकडे फोर-के. एडिटिंगला बसला, तर बाप्पा दर दोन सेकंदांनी जागच्या जागी थिजायला लागले. गंमत म्हणजे जुन्या फोनवरचे गेल्या वर्षीचे व्हिडिओ याच लॅपटॉपवर विनातक्रार चालत होते. "मामा, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन ग्राफिक्स कार्ड टाकून आणू का?"

टाकणार कुठे? बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स मुख्य चिपच्या पोटातच असतं, नाहीतर बोर्डावर कायमचं सोल्डर केलेलं. आणि आजार वेगळाच होता.

फोर-केच्या एका फ्रेममध्ये 3840 गुणिले 2160, म्हणजे जवळपास 83 लाख ठिपके असतात. ठिपक्याला तीन बाइट धरले आणि सेकंदाला 30 फ्रेम, तर मिनिटाला सुमारे 45 जीबी. फोन तेवढंच मिनिट काहीशे एमबीत बसवतो. कसं? बहुतेक फ्रेम तो पूर्ण लिहीतच नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मग सगळं 'मागील पानावरून पुढे चालू'. चित्राचे चौकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येकापुढे शेरा मारायचा: हा तुकडा जैसे थे, हा तोच पण जरा उजवीकडे सरकलेला, हा मात्र नवा. कीर्तनकार एका जागी उभे असतील तर पानभर 'जैसे थे'. मिरवणुकीत गुलालाचा कणन् कण उडत असतो, तिथे जैसे थे काहीच राहत नाही. भाच्याने निवडलेला विषय त्या अर्थाने सगळ्यात महागडा.

हे शेरे शेवटी आणखी घट्ट बांधून बिट्सच्या एका लांबलचक माळेत ओवले जातात. ती माळ उलगडणं म्हणजे गाण्याच्या भेंड्या. आधीचं गाणं कुठल्या अक्षरावर संपलं ते कळल्याशिवाय पुढचं सुरू करता येत नाही. ग्राफिक्सचे गणिती गाभे (एकाच वेळी हिशेब करणारे चिपमधले असंख्य छोटे भाग) म्हणजे याच्या अगदी उलट, ढोलपथक: एका इशाऱ्यावर सगळ्यांनी एकच ठोका द्यायचा. सगळ्या ठिपक्यांचा उजेड थोडा वाढवायचा असेल तर पथकासारखं दुसरं काही नाही, कारण शेजारच्या ठिपक्याचं काय झालं याची कुणाला फिकीर नसते. पण शंभर ढोलवाले आणून बसवले म्हणून भेंड्या लवकर संपत नाहीत.

म्हणून चिपमध्ये भेंड्यांसाठी वेगळा कारागीर ठेवलेला असतो, व्हिडिओ उलगडणारं एक छोटं स्वतंत्र सर्किट. इंटेलने ते 'क्विक सिंक' या नावाने 2011 पासून द्यायला सुरुवात केली. हा गडी झपाट्याने काम करतो, वीजही कमी खातो, पण जन्माच्या वेळी शिकवलेल्या भाषाच, म्हणजे व्हिडिओ लिहिण्याच्या ठरावीक पद्धतीच, त्याला येतात. 2003 ची एच.264 ही भाषा भाच्याच्या लॅपटॉपमधल्या इंटेलच्या चौथ्या पिढीतल्या चिपला अस्खलित येते. नवे फोन बऱ्याचदा लिहितात ती एच.265, 2013 साली ठरलेली. ती पूर्णपणे येणारं सर्किट इंटेलच्या सहाव्या पिढीत, 2015 साली आलं, आणि तिचा 10 बिटांचा, रंगांच्या जास्त छटा लिहिणारा प्रकार सातव्या पिढीत. सिलिकॉनमध्ये जे कोरलेलंच नाही ते ड्रायव्हर बदलून उगवत नाही. मग सगळी उस्तवार मुख्य प्रोसेसरवर येते, पंखा घोंघावतो, चिप 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की जीव वाचवायला स्वतःचाच वेग कमी करते. मुंबईच्या दमट हवेत पंख्यावर धुळीचा थर बसला असेल तर ही वेळ लवकर येते.

बघण्यापेक्षा एडिटिंग जड का, तेही यातच आहे. बघताना पानं ओळीने उलटतात. कट शोधताना आपण पॉइंटर मागेपुढे ओढत असतो, आणि दर वेळी यंत्राला मागच्या पूर्ण चित्रापाशी जाऊन तिथून सगळे शेरे पुन्हा वाचत यावं लागतं. एक फ्रेम मागे जायला वीस-पंचवीस फ्रेम उलगडायच्या!

उपाय स्वस्त निघाला: प्रॉक्सी. मूळ फाइलींच्या हलक्या नकला करायच्या, 960 गुणिले 540 आकाराच्या, म्हणजे ठिपके सोळाव्या हिश्श्यावर. नकलेत प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिली तर उत्तमच. फाइल थोडी फुगते, पण मागे जायला पानं चाळावी लागत नाहीत. कट नकलेवर मारायचे, एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर आपसूक मूळ फाइली घेतं. केडेनलाइव्हसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे.

लॅमिंग्टन रोडची फेरी मात्र वाया गेली नाही. चिपमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं. एकाच्या जागी दोन सारख्या रॅम पट्ट्या लावल्या की ये-जा दोन वाटांनी होते, आणि रंग सुधारताना पथकाला त्याचा खरा उपयोग होतो. या लॅपटॉपला लागणारी जुन्या प्रकारची, डीडीआर-3 रॅमची पट्टी तिथे मिळाली.

नकला व्हायला अख्खी रात्र लागली. सकाळी गुलालातून वाट काढत बाप्पा न अडखळता चौपाटीपर्यंत गेले. पुढच्या वर्षी दोन्ही फोन आधीच एच.264 वर ठेवायचे, असं भाच्याने मंडळाच्या वहीत लिहून ठेवलंय.